चारचं पाणी, सातचं पाणी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर असं की ओळीवर सुरू होतं नि ओळीच्या खाली जाऊन बसतं. वाचणाऱ्याने तेवढं पोटात घालावं. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. हे लिहिताना बोटांना चिंचेचा वास येतो आहे, साबणाने धुऊनही न जाणारा, आधी आंबट आणि मागाहून गुळचट. आणि डोळ्यांपुढे आहे तो एक काचेचा मणी. वाटाण्याहून थोडा मोठा, इतका पातळ की हात लावायची भीती वाटावी. सकाळी शटर वर गेलं की टेक्ससचं ऊन फरशीवरून सरकत आत येतं आणि त्या मण्यात जाऊन बसतं. एवढासा मणी, पण अख्खी खोली त्यात उलटी दिसते: कढया उलट्या, बरण्यांची मांडणी उलटी, मीही उलटी. मी रोज क्षणभर त्याच्याकडे पाहत उभी राहते. कशासाठी, ते मला सांगता यायचं नाही.

शुगर लँडच्या कडेला, मोठ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला एकसारख्या शटरांची रांग आहे. एका बाजूला फरशांचं दुकान, दुसऱ्या बाजूला एसी दुरुस्त करणारे, आणि मधलं शटर वसुधाकाकूंचं. तिथे आम्ही चटण्या आणि लोणची करतो. काकू लग्न होऊन या देशात आल्या त्याला आता किती वर्षं झाली, ते त्याच वेगवेगळं सांगतात. त्यांचे यजमान मुकुंदकाका रिफायनरीत इंजिनिअर होते, आता घरी असतात. मुलं लांब गेली तेव्हा काकूंनी हा कारखाना काढला. बरण्या भरायला दोन मेक्सिकन बायका येतात. त्या मला मावशी म्हणतात, त्यांना ते माझं नावच वाटतं, आणि मी ते कधी दुरुस्त केलेलं नाही. माणसांपुढे मला शब्द सुचत नाहीत. काकू पहिल्यांदा भेटल्या त्या देवळातल्या प्रसादाच्या पंगतीत. “चिंचेचं सार कोणी केलंय?” असं त्यांनी मोठ्याने विचारलं आणि मी, तेव्हा मुलाकडे नुकतीच राहायला आलेली, सुनेच्या मागे लपले. पुढच्या सोमवारी सकाळी त्यांची गाडी आमच्या दारात होती.

चिंच माझ्या हातांना फार जुनी आहे. शाळा सुटली तेव्हा आई मला घेऊन व्यापाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायची, चिंच फोडायला. दगडावर चिंच ठेवायची, हातोडीने टरफल उडवायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके काढायचे आणि गर एकीकडे टाकायचा. तिथल्या बायका चिंच जिभेला न लावता सांगायच्या की ही कोणत्या अंगाची, ही आंबट, ही गोडसर, ही जून. दिवसभर त्या वासात बसून दात आंबून जायचे. रात्रीची भाकरीही चावत नसे. तेव्हा आंबटपणा ही माझ्या लेखी दातांत राहणारी गोष्ट होती. पुढे कधीतरी तो भिंतीवरच्या डबीत हिरव्या आकड्याने उजळेल, आणि त्या आकड्यावर माझा दिवस सुरू होईल, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? बहुधा खाली मान घालून पुढची चिंच उचलली असती.

त्या डबीला मीटर म्हणतात. मीटरला एक लांब वायर, वायरीच्या टोकाला दांडी, आणि दांडीच्या टोकाला तो मणी. मणी चटणीत बुडवला की मीटर आकडा दाखवतं. त्याला पीएच म्हणतात. जितकं आंबट तितका आकडा लहान. हे मला बरेच दिवस उलटं वाटायचं. साधं पाणी सात, आमचं लिंबाचं लोणचं तीनच्या आसपास. काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट बजावून सांगितली होती: चार पॉइंट सहाच्या वर गेलेली बरणी बाहेर जायची नाही. त्याच्या खाली आंबटपणा रक्षण करतो. वर गेलं की बंद बरणीत एक विष तयार होऊ शकतं. त्याला वास नाही, रंग नाही, चवही नाही. माणूस मरतो. काकू हे सांगताना आवाज खाली आणत नाहीत, बटाट्याचा भाव सांगावा तसं सांगतात. म्हणून ते माझ्या चांगलं लक्षात राहिलं.

पण मीटरला आपलं आपण काही कळत नाही. ही गोष्ट मला त्याच्याजवळ उभं राहून राहून उमगली. त्याला रोज सकाळी शिकवावं लागतं. दोन बाटल्या असतात. एकीत पिवळं पाणी, ते सातचं. दुसरीत गुलाबी पाणी, ते चारचं. लहान पेल्यात थोडं पिवळं पाणी ओतायचं, दांडी धुऊन त्यात बुडवायची, आकडा हलायचा थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं, मग बटण दाबायचं. म्हणजे मीटरला सांगायचं, बाबा रे, हे सात. मग दांडी पुन्हा धुवायची, कागदाने नुसती टिपायची. पुसायची नाही, घासायची तर मुळीच नाही, त्याने काचेवर वीज साठते आणि आकडा भरकटतो. मग गुलाबी पाण्यात बुडवायची. हे चार. या दोन गोष्टी मान्य झाल्या की मधल्या आणि आजूबाजूच्या साऱ्या जगाबद्दल ते न बिचकता बोलू लागतं. काम झालं की मणी खाऱ्या पाण्याच्या टोपीत बुडवून ठेवायचा. तो कोरडा पडला की निकामी होतो. डोळ्यासारखंच नाही का हे? ओल आहे तोवर दिसतं.

त्या थांबण्याच्या घटका मला आवडतात. बाहेर सकाळी सातलाच हवा ओल्या टॉवेलासारखी अंगाला चिकटलेली असते, आत एसीची घरघर चालू असते, आणि आकडा सहा पॉइंट आठवरून नऊवर, नऊवरून सातवर, परत नऊवर असा पाय पुढे-मागे करत असतो. त्याला ढकलून चालत नाही. घाईने बटण दाबलं तर चूक दिवसभर सोबत राहते. मनाशी येतं, माणसालाही कोणीतरी लहानपणी असंच दोन पेल्यांत बुडवून सांगितलेलं असतं, की हे चांगलं, हे वाईट, ही लाज, हा मान. पुढे सगळं आयुष्य आपण त्याच दोन खुणांमध्ये मोजत जातो. त्या खुणाच चुकीच्या सांगितल्या गेल्या असतील तर? मग आपण खोटं बोलत नसतो. अगदी प्रामाणिकपणे, दशांशासकट, चुकीचं सांगत असतो.

आता काकूंच्या घराबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. त्यांच्या सिंकवर प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन उलट्या वाळत घातलेल्या असतात. दह्याचे रिकामे डबे एकात एक घालून कपाटात छतापर्यंत गेलेले आहेत. फ्रीजमधला दह्याचा डबा उघडला तर त्यात आमटी, आइस्क्रीमचा उघडला तर मेथीचे लाडू. नातवंडं आली की रडकुंडीला येतात. या देशात जे लोक आधी आले, ते दोन बॅगा आणि खिशात मोजके डॉलर घेऊन आले. तेव्हाची ती सवय, हातातलं काही फेकायचं नाही, ही त्यांच्या अंगात मिठासारखी विरघळून गेली आहे. आज त्यांच्या दारात दोन गाड्या आहेत, पण त्याने फरक पडत नाही.

तर पहिल्या दिवशी काकूंनी मला कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरला शिकवायचं ते, करून दाखवलं. आकडा लागला, बटण दाबलं, आणि मी पेला सिंककडे नेऊ लागले तशी त्यांनी माझं मनगट धरलं. “अगं थांब, थांब! एवढ्याशा पाण्याचे किती डॉलर घेतात माहितीये का तुला? परत ओत बाटलीत. दांडी बुडवली फक्त, कोणी प्यायलं नाही त्यातलं.” मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तळणाचं तेल आपण गाळून परत डब्यात ओततोच की. रोज पिवळं पिवळ्यात, गुलाबी गुलाब्यात परत जाऊ लागलं. बाटल्या संपेनात. काकू कौतुकाने म्हणायच्या, “बघ, अक्षय पात्र आहे आपलं!”

मीटर आणखी एक आकडा दाखवतं. त्याला स्लोप म्हणतात, पण खरं तर ते दांडीचं वय असतं. नवी दांडी शंभराच्या जवळ असते, जुनी होत जाईल तसा आकडा उतरत जातो, आणि नव्वदच्या खाली गेला की दांडी बदलायची. उन्हाळ्यात आमच्या दांडीचा आकडा भराभर उतरू लागला. पंच्याण्णव, त्र्याण्णव, एक्याण्णव. ऑगस्टमध्ये एकोणनव्वद आला. “म्हातारी झाली,” काकू म्हणाल्या, “माझ्यासारखी.” जीव वर-खाली करत त्यांनी नवी दांडी मागवली, ती फार महाग येते. ती आली, मी लावली, पिवळ्यात बुडवली, गुलाब्यात बुडवली, बटणं दाबली. मीटरने आकडा दाखवला, एकोणनव्वद.

“नवी सूनही म्हातारीच निघाली की गं!” काकू हसल्या. पण लगेच त्यांनी फोन काढला आणि विकणाऱ्या कंपनीवर रागावून बोलायला लागल्या. अशी खराब वस्तू कशी पाठवली, पैसे परत करा, वगैरे. तेवढ्यात काका जेवणाचा डबा घेऊन आले. एरवी त्यांना कारखान्यात यायला बंदी आहे. ते प्रत्येक नळ उघडून बघतात आणि काकूंना सल्ले देतात, म्हणून डबा दारातच घ्यायचा असा नियम आहे. त्या दिवशी काकू फोनवर असल्यामुळे ते आत आले. मीटरसमोर चष्मा कपाळावर ढकलून उभे राहिले.

“मावशी, ही बाटली कधी फोडली?” त्यांनी मला विचारलं.

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी फोनवर हात ठेवला. “झाले असतील सात-आठ महिने. का?”

“आणि अजून भरलेली?”

“जपून वापरतो आम्ही.”

“जपून म्हणजे कसं?”

मी पेल्यात थोडं गुलाबी पाणी ओतलं, दांडी बुडवली, काढली, आणि पाणी परत बाटलीत ओतलं. काका आधी हसले. अगदी मनापासून, खांदे हलवत. “वसू, तू सातचं पाणी चारमध्ये कालवतेयस रोज. थेंब थेंब. दांडीला लागून येतंय ते, नळाचं पाणी पण येतंय. दांड्या बऱ्या आहेत, ही बाटलीच आता चारची राहिली नाही!” आणि हसता हसताच ते थांबले. खोक्यात नवी, न उघडलेली बाटली होती. दांडीबरोबर फुकट आलेली. त्यांनी ती फोडली. दोन्ही पेले शेजारी ठेवले तेव्हा मलाही दिसलं: नवं पाणी गुलकंदासारखं गुलाबी, आमचं शेंदराकडे झुकलेलं. रोज पाहत असल्यामुळे ते कधी दिसलं नव्हतं. नव्या पाण्यात मीटरने तीन पॉइंट सात दाखवलं. तिथे चार दिसायला हवं होतं.

म्हणजे सगळ्या चटण्या मीटर सांगत होतं त्यापेक्षा कमी आंबट होत्या. लोणच्यांना धक्का नव्हता. ती इतकी आंबट की थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. पण गणपतीसाठी आम्ही खजुराची चटणी केली होती. मुलांना आवडते म्हणून चिंच कमी, खजूर जास्त. तिच्या बॅचचा आकडा मीटरने चार पॉइंट चार दिला होता. काकांनी पेन्सिलीने खोक्यावरच गणित केलं, आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, “चार पॉइंट सहा. थोडं अलीकडे, नाहीतर थोडं पलीकडे.” ती चटणी दोन आठवड्यांपूर्वीच दुकानात गेली होती.

“मी स्वतः खाल्लीये ती चटणी,” काकू म्हणाल्या. “तूही खाल्लीस. झालं का काही?”

“आपल्या बरणीत झालं नसेल.”

“चाळीस वर्षं घरात घालतेय मी चटण्या-लोणची. कोण मेलं?”

“वसू, लाइन म्हणजे लाइन. ते ओपिनियन नाही.”

“तुझी रिफायनरी नाहीये ही!”

बाजूला मेक्सिकन बायका झाकणं घट्ट करता करता थांबल्या होत्या. त्यांना भाषा कळत नव्हती, पण तसला आवाज कोणत्याही भाषेत कळतो. काकू पालथ्या बादलीवर बसल्या. दुकानाने त्या मालाचे सगळे पैसे आधीच दिले होते, आणि ते काचेच्या बरण्यांत, चिंचेत आणि भाड्यात केव्हाच गेले होते. माल परत बोलावला तर हंगाम गेला, सरकारच्या अन्न खात्याला कळवावं लागणार, परवाना राहील की नाही कोण जाणे. नाही बोलावला तर बहुधा काही होणारही नाही. त्या ‘बहुधा’कडे काकू किती वेळ पाहत बसल्या होत्या, मला सांगता येत नाही. मी दांडी धुऊन खाऱ्या पाण्यात ठेवली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मग त्यांनी दुकानात फोन लावला. दुकान संदीपचं. नागपूरचा मुलगा, कॉम्प्युटरची नोकरी सोडून किराण्यात पडलेला. फोन स्पीकरवर होता.

“संदीप, खजुराची चटणी शेल्फवरून काढ. आत्ता. सगळी.”

“का काकू? मस्त जातेय यार ती! अर्धी संपली.”

“पीएच चुकलाय. विकलेली पण परत मागवायची आहे.”

“काकू, टेन्शन नका घेऊ. कोणाचा कम्प्लेंट फोन आला का? नाही ना? कोणाला काही झालंय का?”

“झाल्यावर फोन करू का तुला?” काकू म्हणाल्या.

मग तो म्हणाला, “काढतो.”

त्यानंतरचे दिवस मला पाण्याखालून पाहिल्यासारखे आठवतात. काकांनी स्वतः खात्याला कळवलं. संदीपने ग्रुपवर मेसेज टाकला, दारावर कागद लावला. लोक बरण्या घेऊन येऊ लागले. कोणी न फोडलेली, कोणी तळाला एक चमचा उरलेली. एका आजोबांनी धुऊन, पुसून, रिकामी आणली, कारण परत करायची म्हणजे स्वच्छच करायची. काही लोक रागावले. एका बाईंनी, “आमच्याकडे तर बोटं चाटून खाल्ली, आम्ही नाही देणार,” असं सांगितलं आणि काका त्यांच्या घरी जाऊन तासभर बसून बरणी घेऊन आले. आमच्या घरच्या फ्रीजमध्येही एक होती, मी नेलेली. नातीचा सँडविचवर तीच लावायचा हट्ट होता. मी बरणी उचलली तेव्हा नात म्हणाली, “आज्जी, व्हाय? इट्स माय फेवरेट.” काय सांगणार? मी तिला गुळाचा खडा दिला.

मोजणी होता होता एकाच बरणीचा पत्ता लागेना. शेवटी कळलं की ती शुगर लँडमध्ये नव्हतीच. दुसऱ्या एका बाईंनी ती पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकणाऱ्या आपल्या मुलीला पार्सलने पाठवली होती. तिथे देशी दुकान जवळ नाही म्हणून. मुलगी फोन उचलेना. आईने मेसेज पाठवले, उत्तर नाही. संध्याकाळ झाली, रात्र झाली. काकू आमच्या घरी सोफ्यावर बसून होत्या, पर्स मांडीवर तशीच, जणू कोणत्याही क्षणी निघायचं आहे. सुनेने चहा केला, तो गार झाला. एरवी काकू गप्प बसत नाहीत. त्या रात्री त्यांना पाहून मला प्रथमच वाटलं की आपला लाजाळूपणा काही फार वेगळी गोष्ट नाही. बोलणारी माणसंही भ्यायली की आमच्यासारखीच होतात. नळातून थेंब गळत होता, तो मोठा ऐकू येत होता. कुणा परक्या गावात, चार मुलींच्या एका खोलीत, एक बरणी उघडी असेल की बंद? चमचा आत असेल की बाहेर? एवढ्या मोठ्या देशात त्या रात्री एवढाच प्रश्न होता.

सकाळी तिच्या आईचा फोन आला. मुलगी लॅबमध्ये होती, फोन बंद होता. बरणी? तिची आई तिच्याच शब्दांत सांगत होती: “रिलॅक्स मम्मा, ती तर आम्ही पहिल्याच दिवशी खल्लास केली. चिप्सबरोबर. सगळ्या फाइन आहोत.” पार्सल पोचून बरेच दिवस झाले होते, व्हायचं असतं तर तोवर कळलं असतं, असं काका म्हणाले. काकूंनी फोन खाली ठेवला आणि माझ्या सुनेला म्हणाल्या, “चहा गरम कर गं. फेकू नकोस, तोच कर.” मग बाथरूममध्ये गेल्या. बराच वेळ पाणी वाहत होतं.

खात्याच्या बाई आल्या त्या उंच, शांत, पायात रबरी बूट. त्यांनी विचारलं, कॅलिब्रेशन कोण करतं? मी हात वर केला. शाळेत करतात तसा. करून दाखव, म्हणाल्या. मणी पाण्यात गेला की हातांना त्यांचं काम कळतं. सात. मग चार. झालं तेव्हा त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला आणि ते गुलाबी पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. माझ्याकडे पाहत, सावकाश. पांढऱ्या भांड्यात एक गुलाबी रेघ गेली आणि नाहीशी झाली. काकूंनी मान वळवली. त्यांना ते बघवलं नाही, असं मला वाटतं, आणि मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

प्रयोगशाळेचा कागद आला. काही बरण्या रेषेच्या अलीकडे निघाल्या होत्या, काही पलीकडे. एकाच कढईतली चटणी! खजूर सगळीकडे सारखा बसत नाही, असं काका म्हणाले. म्हणजे आपण खाल्लेली कोणती होती, नातीची कोणती, त्या चार मुलींची कोणती, हे आता कुणालाच कळणार नाही. सगळा माल नष्ट करायचा हुकूम होता. आम्ही झाकणं उघडून चटणी काळ्या पिशव्यांत रिकामी केली. दिवसभर. वास इतका चांगला येत होता की शेजारचा एसीवाला विचारायला आला, आज काय बनवताय. परवाना मात्र राहिला. आपणहून कळवलंत म्हणून, असं त्या बाई म्हणाल्या. खजुराची चटणी आता चिंच वाढवून करतो. नातीला ती आंबट लागते.

राहिले संदीपचे पैसे. तो म्हणाला, “काकू, माल द्या ना त्याबदल्यात, लोणचं द्या, चालेल की.” काकूंनी ऐकलं नाही. लोणच्याचे पैसे लोणच्याचे, हे पैसे हे. एकदम द्यायला त्यांच्याकडे नव्हते, आणि काकांच्या पेन्शनला त्यांनी हात लावू दिला नाही. म्हणून महिन्याच्या महिन्याला एक चेक, लिंबाच्या लोणच्यातून आणि लसणाच्या चटणीतून सुटेल तेवढ्याचा. तो द्यायला आम्ही दोघी दुकानात जायचो. त्या महिन्यांत मी काकूंचं एक पाहिलं: त्या भाजी घ्यायच्या, भाव विचारायच्या नाहीत. भेंडी निब्बर असली तरी घ्यायच्या. कधी संदीप चुकून जास्त लावायचा, तरी मुकाट्याने द्यायच्या. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कुठे घासाघीस केल्याशिवाय पिशवी भरली नाही, ती गल्ल्यापुढे पाहुणीसारखी उभी राहायची. कुणाचं देणं असलं की माणसाचा आवाज कुठे जातो?

गेल्या आठवड्यात शेवटचा चेक होता. उत्तरेकडून अचानक थंडी आली होती, शुगर लँडमध्ये लोक कानटोप्या घालून हिंडत होते. काकूंनी चेक काउंटरवर ठेवला. संदीपने तो न बघताच ड्रॉवरमध्ये टाकला.

“बघून घे,” काकू म्हणाल्या.

“काय काकू तुम्ही पण, यार.”

“बघ म्हणते ना.”

त्याने चेक परत काढला, पाहिला, मोबाइलवर मागची बेरीज केली. “पूर्ण झाले, काकू. काही बाकी नाही.”

काकूंनी मान हलवली. मग बाजूच्या टोपलीतून कोथिंबिरीची जुडी उचलली, नाकाशी नेली, उलटीपालटी केली, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “ही जुडी? आणि दीड डॉलर? लाज वाटते का रे तुला?”